विश्लेषण : सर्पदंशातून जीव वाचला, पण बोलणे? आवाज का जातो आणि स्पीच थेरपीने तो परत कसा येतो?

विषारी साप चावला की सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते, रुग्ण वाचतो की नाही. वेळेत रुग्णालय मिळाले, प्रतिविषाची इंजेक्शने मिळाली आणि गरज पडल्यावर व्हेंटिलेटर मिळाला, तर बहुतेक रुग्ण घरी परततात. मात्र त्यातल्या काहींची जीभ जड झालेली असते. काहींचा आवाज बसलेला असतो, काहींना पाणी पिताना ठसका लागतो, तर काहींना शब्दच सापडत नाहीत. 'अशक्तपणा आहे, होईल हळूहळू' असे म्हणून घरचे वाट पाहतात. काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण सगळ्यांच्या बाबतीत नाही, कारण सर्पदंशानंतर बोलणे बिघडण्याचे कारण एकच नसते. कारण वेगळे तसा उपचार वेगळा आणि बरे होण्याचा कालावधीही वेगळा.

बोलणे बिघडणे ही धोक्याची घंटा का?

भारतात सर्वाधिक बळी घेणाऱ्या चार सापांपैकी नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर, म्हणजे नसा आणि स्नायूंमधल्या संदेशवहनावर, हल्ला करते. घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. नाग किंवा मण्यार चावल्यावर लकवा साधारणपणे वरून खाली उतरतो. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात. त्यानंतर चेहरा, जीभ, टाळू आणि घसा यांची पाळी येते. मग मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

म्हणजे बोलणे बिघडते तेव्हा विष श्वासाच्या स्नायूंपासून फार लांब राहिलेले नसते. नेमके याच टप्प्यावर घरात गैरसमज होतो. 'घाबरून बोबडी वळली आहे' असे म्हटले जाते. भीतीने बोलताना अडखळायला होते, हे खरे. पण भीतीने पापण्या मिटत नाहीत, लाळ गिळता येईनाशी होत नाही आणि आवाज गेंगाणा होत नाही. ही लक्षणे एकत्र दिसली तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायला हवे.

मण्यारीच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे आहे. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतो. दंश अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही आणि दातांची खूणही सापडत नाही. रुग्ण पहाटे पोटदुखी, उलटी किंवा घसा दुखण्याची तक्रार करत उठतो. थोड्या वेळाने त्याचे बोलणे अस्पष्ट होते. साप कोणी पाहिलेलाच नसल्याने विषबाधेचा संशयही येत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची सकाळी अचानक जीभ जड झाली आणि डोळ्यांवर झापड आली, तर मण्यारीची शक्यता डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. लक्षणे काही तास उशिराने दिसू शकतात. म्हणून संशयित दंशाच्या रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवले जाते.

रुग्णालयात डॉक्टर रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगतात, तेही याचसाठी. तासाभरापूर्वी एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत गेले, तर श्वासाचे स्नायू थकत असल्याचे कळते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

विष जिभेपर्यंत पोहोचून नेमके काय करते?

बोलणे ही शरीरातली गुंतागुंतीची यांत्रिक क्रिया आहे. फुप्फुसांतून हवा वर येते, ती स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंना कंप देते, टाळूचा मागचा मऊ भाग नाकाची वाट उघडतो किंवा बंद करतो आणि जीभ व ओठ त्या हवेला अक्षरांचा आकार देतात. यातल्या प्रत्येक स्नायूला मेंदूचा आदेश नसांमार्फत पोहोचतो. नस जिथे संपते तिथे आणि स्नायूमध्ये अतिशय बारीक फट असते. ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन ही फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहक रेणूंना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो.

सापाचे विष याच फटीत काम करते, त्यामुळे मेंदूचा आदेश निघतो पण स्नायूपर्यंत पोहोचत नाही. कोणता स्नायू लुळा पडला, त्यावरून बोलण्यातला दोष ठरतो. ओठ कमजोर झाले की प, फ, ब, भ ही अक्षरे नीट उमटत नाहीत. जीभ वळली नाही की ट, ड, ळ घसरतात. मऊ टाळू उचलला गेला नाही की हवा नाकातून निसटते आणि 'ब'चा 'म', 'द'चा 'न' ऐकू येतो. रुग्ण 'बाबा' म्हणतो, पण ऐकणाऱ्याला 'मामा' वाटते. स्वरतंतू जवळ आले नाहीत की आवाज फुसफुसा होतो. श्वासच अपुरा असेल तर रुग्ण दोन शब्द बोलून थांबतो.

यात रुग्णाची भाषा शाबूत असते. काय बोलायचे हे त्याला ठाऊक असते, फक्त स्नायू साथ देत नाहीत. वैद्यकीय भाषेत याला 'डिसार्थ्रिया' म्हणतात.

नाग आणि मण्यार यांच्या दंशात फरक काय?

नागाच्या विषातले मुख्य घटक स्नायूच्या बाजूला जाऊन ग्राहक रेणूंची जागा अडवतात. कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसे. प्रतिविष वेळेत मिळाले तर हा अडथळा बराचसा दूर होतो. निओस्टिग्मिन हे औषध ॲट्रोपिनसोबत दिल्यास फटीतले ॲसिटिलकोलिन वाढते आणि नागदंशात अनेकदा सुधारणा लवकर दिसते.

मण्यारीचे विष नसेच्या टोकावर हल्ला करते. तिथे कुलूप शाबूत असते, पण किल्ली देणारा हातच जायबंदी होतो. नसेचे टोक एकदा खराब झाले की प्रतिविष ते दुरुस्त करू शकत नाही. रक्तात फिरत असलेले विष निष्प्रभ करणे एवढेच त्याचे काम. नसेची टोके शरीराला पुन्हा घडवावी लागतात आणि त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. तोवर रुग्णाला व्हेंटिलेटर जगवतो. 'इतकी इंजेक्शने दिली तरी बोलत का नाही?' या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. औषध निकामी ठरलेले नसते, दुरुस्तीला वेळ लागत असतो. ही दुरुस्ती पूर्ण झाली की विषामुळे आलेला लकवा सहसा मागे काही न ठेवता जातो.

रुग्ण बोलत नाही, म्हणजे तो बेशुद्ध आहे का?

नाही, आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला हे माहीत असायला हवे. मण्यारीचा दंश झालेला रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, श्वास घेऊ शकत नाही. बाहुल्या विस्फारलेल्या आणि प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असू शकतात. पाहणाऱ्याला मेंदू मृत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रुग्णाला सगळे ऐकू येत असते, समजत असते आणि दुखतही असते. असे रुग्ण पूर्ण बरे झाल्याच्या नोंदी भारतातून वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत.

अमेरिकेचे सर्पतज्ज्ञ जोसेफ स्लोविन्स्की यांना सप्टेंबर २००१ मध्ये म्यानमारच्या दुर्गम भागात मण्यारीच्याच कुळातल्या सापाने दंश केला. बोलणे बंद झाल्यावर ते सहकाऱ्यांशी लिहून आणि पुढे अवयवांच्या बारीक हालचालींनी संवाद साधत राहिले. सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देत त्यांना तासन् तास जगवले, पण मदत पोहोचू शकली नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. आवाज गेला तरी माणूस आत जागा असतो, हे या घटनेतून जगासमोर आले.

म्हणूनच स्पीच थेरपी शब्दांपासून सुरू होत नाही. तिची सुरुवात 'हो' आणि 'नाही' यांची खूण ठरवण्यापासून होते. पापण्या मिटलेल्या असतील तर डोळ्यांची खूण चालत नाही. मग पायाचे किंवा हाताचे बोट किंचित हलते का, हे पाहिले जाते. हालचाल थोडी वाढली की चित्रांचा तक्ता वापरतात. पाणी, दुखतंय, थंडी वाजतेय, कूस बदला, घाम आलाय, घरचे कुठे आहेत अशा दहा-बारा गोष्टींचा तक्ता पुठ्ठ्यावरही तयार होतो. नातेवाइकांनी रुग्णाजवळ नेहमीच्या आवाजात बोलावे, तारीख-वार सांगावा, पुढे काय करणार आहेत ते सांगावे. त्याच्या खाटेशेजारी उभे राहून 'आता काही खरे नाही' अशी चर्चा करू नये.

नळी काढल्यावरही आवाज का बसलेला राहतो?

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून, दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. ती काही दिवस तिथे राहिली की स्वरतंतूंना सूज येते, कधी जखम होते, कधी गाठ तयार होते, तर कधी एका स्वरतंतूची हालचाल मंदावते. आवाज घोगरा, कुजबुजता किंवा फाटका होतो. हे सापाच्या विषाचे नव्हे, तर जीव वाचवणाऱ्या नळीचे परिणाम असतात. बहुतेकांचा आवाज काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारतो.

व्हेंटिलेटर जास्त दिवस लागणार असेल तर गळ्याला समोरून छिद्र पाडून नळी बसवतात. यालाच ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. 'गळा कापला, आता कायमचा मुका होणार' या भीतीने नातेवाईक संमती द्यायला कचरतात. प्रत्यक्षात हवा स्वरयंत्राच्या खालूनच आत-बाहेर होते, म्हणून आवाज निघत नाही. स्वरतंतू कापले जात नाहीत. रुग्णाची तब्येत परवानगी देईल तेव्हा नळीवर एकमार्गी झडप बसवतात. तिला स्पीकिंग व्हॉल्व्ह म्हणतात. श्वास घेताना हवा नळीतून आत येते आणि सोडताना वर स्वरतंतूंकडे जाते, त्यामुळे नळी असतानाही बोलता येते. नळीभोवतीचा फुगा रिकामा केल्याशिवाय मात्र ही झडप लावायची नसते. हे काम डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्या देखरेखीखालीच होते.

एक लक्षण अजिबात अंगावर काढू नये. घरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येऊ लागला, चालताना धाप वाढली, तर नळीच्या जागी श्वासनलिका अरुंद होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी थेरपिस्टकडे नव्हे, तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

घोणस किंवा फुरसे चावल्यावरही बोलणे जाते का?

जाऊ शकते, पण त्यामागची वाट निराळी आहे. या सापांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो किंवा रक्तवाहिनी बंद पडते. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये डाव्या मेंदूच्या पुढच्या भागाचा बोलण्याशी असलेला संबंध दाखवून दिला. तिथे इजा झाली की 'अफेझिया' होतो. यात जीभ चालते, पण शब्द सापडत नाही. तांब्याकडे बोट दाखवून रुग्ण 'ते, ते' म्हणत राहतो. कोणाला समोरच्याचे बोलणेच कळत नाही. सोबत उजवा हात-पाय लुळा पडलेला असू शकतो.

तिसरी वाट उशिराची आहे. नाग किंवा मण्यारीच्या दंशात श्वास बंद पडला आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर मेंदूची हानी होते. विष उतरल्यानंतरही बोलणे, लक्ष आणि स्मरणशक्ती यांच्यावर परिणाम राहू शकतो. मांत्रिकाकडे किंवा गावठी औषधात गेलेल्या तासांची किंमत अशीही चुकवावी लागते.

चौथे कारण मनाचे. श्रीलंकेत झालेल्या अभ्यासात सर्पदंशातून वाचलेल्या लोकांमध्ये नैराश्य आणि आघातानंतरचा ताण अधिक आढळला. असा रुग्ण गप्प राहतो, कधी आवाजच काढत नाही. स्वरयंत्र तपासणीत निरोगी दिसते. त्याला 'नाटक करतो' म्हणून हिणवल्यास त्रास वाढतो. इथे समुपदेशन आणि आवाजाचे व्यायाम दोन्ही लागतात.

बोलण्याआधी गिळणे का तपासतात?

बोलायला आणि गिळायला जवळपास तेच स्नायू लागतात. म्हणून स्पीच थेरपिस्ट आधी रुग्ण सुरक्षित गिळतो का, हे पाहतात. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो आणि वाचलेला रुग्ण पुन्हा अत्यवस्थ होऊ शकतो.

अनेक घरांत नळी निघाल्याबरोबर मायेपोटी चमच्याने पाणी पाजले जाते. पातळ पाणी घशातून सर्वांत वेगाने घसरते, म्हणून कमजोर घशाला तेच सर्वांत अवघड असते. थेरपिस्टच्या सल्ल्याने आधी दाटसर पदार्थ दिले जातात. घट्ट पेज, खिमट, मऊ भात-वरण एकजीव करून, लहान घासाने, रुग्णाला ताठ बसवून भरवतात. काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवतात. खाताना ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घळघळीत येणे, घास गालात साठून राहणे ही चिन्हे दिसली तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न गेले तरी खोकला येत नाही, म्हणून नुसत्या अंदाजावर विसंबू नये.

स्पीच थेरपीत नेमके काय करतात?

स्नायू कमजोर असतील तर : सुरुवातीला स्नायूंना थकवायचे नसते. दिवसातून अनेकदा, पण थोडा थोडा वेळ सराव असतो. ताठ बसून श्वास घेणे, एका श्वासात दोन-तीनच शब्द बोलणे, वेग कमी करणे आणि प्रत्येक अक्षर ठसठशीत उच्चारणे यावर भर असतो. 'पा-पा-पा', 'टा-टा-टा', 'का-का-का' म्हणवून ओठ, जिभेचे टोक आणि जिभेची मागची बाजू वेगवेगळी तपासली जाते.

नळीमुळे आवाज बसला असेल तर : ओरडणे, घसा खाकरणे आणि जोर लावून कुजबुजणे टाळायला सांगतात. कुजबुजल्याने घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे. जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्रावर ताणच येतो. गिळणे सुरक्षित असल्यास पाणी पुरेसे प्यायला सांगतात. गुणगुणणे, 'म्म्म' असा सौम्य स्वर काढणे यांसारख्या व्यायामांनी स्वरतंतू पुन्हा सहज कंप पावू लागतात. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावे लागते.

अफेझिया असेल तर : इथे स्नायूंच्या व्यायामाचा फारसा उपयोग नाही, भाषेचा सराव लागतो. वस्तू दाखवून नाव आठवायला मदत करणे, पहिले अक्षर सुचवणे, वाक्य अर्धे बोलून पूर्ण करायला लावणे अशा पद्धती वापरतात. पाठ झालेली भाषा अनेकदा टिकून राहते. 'पाणी' म्हणता न येणारा रुग्ण आकडे, वार किंवा आरती सलग म्हणू शकतो. चाल आणि ठेका यांचा आधार घेऊन बोलते करण्याची 'मेलोडिक इंटोनेशन थेरपी' १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये विकसित झाली. लहानपणी पाठ केलेले पाढे, भजने आणि ओव्या मराठी रुग्णासाठी यात कामी येतात. सराव रुग्णाच्या घरच्या बोलीतच व्हावा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीचे शब्द रटायला लावून अडचण वाढते.

लहान मुलांच्या बाबतीत : प्रौढ जुने बोलणे परत मिळवत असतो, मूल ते अजून शिकत असते. त्यामुळे दंशानंतर मुलाचे बोलणे मागे पडले, शाळेत उत्तर देणे थांबले, वाचताना अडखळू लागले, तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबू नये. शिक्षकांनाही आजाराची कल्पना द्यावी.

किती दिवसांत फरक पडतो?

विषामुळे आलेला लकवा नागदंशात अनेकदा काही तासांत ते दिवसांत आणि मण्यारीच्या दंशात काही दिवस ते आठवड्यांत ओसरतो. नळीमुळे बसलेल्या आवाजाला काही आठवडे लागू शकतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा प्राणवायूच्या अभावी इजा झाली असेल, तर पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते आणि त्यानंतरही ती संथपणे चालू राहू शकते. काहींचे बोलणे पूर्ववत होत नाही. त्यांच्यासाठी चित्रतक्ता, हातवारे किंवा लिहिलेले वाचून दाखवणारे मोबाइल ॲप यांच्या मदतीने संवाद उभा करणे हेही थेरपीचेच काम असते.

हातातला मोबाइल इथे उपयोगी पडतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच चार ओळी रुग्णाकडून बोलून घेऊन आवाज रेकॉर्ड करावा. रोज ऐकणाऱ्याला न जाणवणारी सुधारणा किंवा घसरण महिन्याभराच्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येते आणि डॉक्टरांनाही दाखवता येते.

थेरपिस्ट मिळतात कुठे?

अडचण नेमकी इथे आहे. दंश शेतात, पाड्यावर, जंगलाच्या कडेला होतात, तर या उपचारांच्या मोठ्या सोयी शहरांत आहेत. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ येथे वाचा-उपचाराचे विभाग आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येते. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या रचनेत मुलांसाठी स्पीच थेरपिस्टचे पद आहे. दर आठवड्याला शहरात जाणे परवडत नसेल तर पहिली तपासणी प्रत्यक्ष आणि पुढचा सराव व्हिडीओ कॉलवर, हा मार्ग अनेक थेरपिस्ट स्वीकारतात. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढे मात्र तपासून घ्यावे.

सरकार दरबारी या त्रासाची नोंद होते का?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू आणि त्यातून येणारे अपंगत्व २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. संघटनेच्या अंदाजानुसार, मृत्यूंच्या सुमारे तिप्पट लोकांना सर्पदंशामुळे अवयव गमवावा लागतो किंवा इतर कायमचे अपंगत्व येते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाचे रुग्ण व मृत्यू यांची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली.

या नोंदींत रुग्ण आणि मृत्यू मोजले जातात. वाचल्यानंतर बोलता न येणारा माणूस त्यात 'बरा झालेला' ठरतो. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अपंगत्वाची मदत मात्र डोळे आणि हात-पाय निकामी होण्याशी जोडलेली आहे. बाजारात भाव करणारा, मजुरांना हाक मारणारा किंवा फोनवर व्यवहार करणारा शेतकरी वाचा गेल्यावर काय करणार, याचे उत्तर त्या यादीत नाही.

एक कायदेशीर आधार मात्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेझियाचा उल्लेख आहे. उपचारांनंतरही कायमचा दोष राहिला, तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास अनेक सवलतींचा मार्ग खुला होतो. त्यासाठी सर्पदंशाची नोंद, व्हेंटिलेटरवर काढलेले दिवस आणि मेंदूचे स्कॅन झाले असल्यास त्याचा अहवाल जपून ठेवावा.

डिस्चार्जआधी डॉक्टरांना काय विचारावे?

- बोलण्यातला दोष विषामुळे आहे, नळीमुळे आहे की मेंदूला इजा झाल्यामुळे?
- गिळण्याची तपासणी झाली आहे का? पाणी आणि पातळ पदार्थ द्यायचे का?
- स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी लागेल का, आणि कधी?
- किती दिवसांत सुधारणा अपेक्षित आहे? तोवर नाही झाली तर कुठे जायचे?
- डिस्चार्ज कार्डवर बोलण्याच्या आणि गिळण्याच्या दोषाची नोंद केली आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हरकत नाही. कार्डावर फक्त 'सर्पदंश, प्रकृती सुधारली' एवढेच लिहिलेले असेल, तर पुढचा डॉक्टर, थेरपिस्ट आणि दिव्यांगत्व तपासणारे मंडळ या सगळ्यांना दोषाचे मूळ पुन्हा नव्याने शोधावे लागते. आणि साप चावल्याचा नुसता संशय असला तरी नियम तोच आहे. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. रुग्णाला चालवू नका, तोंडाने काही देऊ नका, लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. वाटेत त्याला बोलते ठेवा. बोलणे बदलले, तर ते कधी बदलले ही वेळ लक्षात ठेवा आणि रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना सांगा.